चर्चा: उपवासकाळाच्या पैशांतून शिधा वाटावा की बिनव्याजी कर्ज द्यावं?

वाडीवरचा
राखेचा बुधवार आला की आमच्या वसईत उपवासकाळाची पाकिटं घरी येतात. ईस्टरआधीचे चाळीस दिवस मटण सोडा, दारू सोडा, वाचलेले पैसे पाकिटात टाका. त्यातून मग तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी तयार होते. पिशवी देताना फोटो. पुढच्या वर्षी तीच घरं, तीच पिशवी, फक्त फोटोतला फादर बदललेला.

माझं मत: पिशव्या बंद करा. 1918 साली मोन्सिनियर (धर्मगुरूंची पदवी) पी. जे. मोनीस यांनी वसईत कॅथॉलिक पतपेढी काढली. सावकाराच्या दारातून माणसं बाहेर काढायची होती, म्हणून त्यांनी धान्य वाटलं नाही, पत उभी केली. आज तीच बॅसिन कॅथॉलिक बँक. या पाकिटांच्या गरीब-निधीतून बिनव्याजी कर्ज द्या: शिलाई मशीन, मासळीचा धंदा, कॉलेजची फी. पैसा परत येईल आणि पुढच्याच्या कामी येईल. संत पौलही थेस्सलनीकेकरांना स्पष्ट सांगतो की काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. विरोधी मतं येऊ द्या.

नगरची लेक
दादा, जामीन कोण राहणार?

आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आधीच अंगावर असते. त्याच्यावर चर्चचं कर्ज चढवायचं? मागे म्हातारी आणि दोन नातवंडं राहतात. ती म्हातारी शिलाई मशीन घेऊन काय करणार, सुईत दोरा ओवता येत नाही तिला.

पौलाचं ते वाक्य धडधाकट असून दुसऱ्याच्या जिवावर बसणाऱ्यांसाठी आहे. निराधार विधवांना मंडळीने (म्हणजे चर्चने) पोसावं, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात वेगळं सांगितलंय. आणि बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून बघा. मंडळीतलं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. त्यावर प्रेषितांनी सात माणसं नेमली, ती वाटप नीट व्हावं म्हणून. वाटप बंद करा असं कुणीच म्हटलं नाही.

सदाशंकेखोर
शिधा की कर्ज हा तुमचा घरचा प्रश्न. बाहेरून आम्हाला दिसतं ते असं: 1876-77 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनची सभासदसंख्या भराभर वाढली. हा निव्वळ योगायोग? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा-मुलींची शाळा, 1889 मध्ये सुरू झालं ते अमेरिकेतल्या मंडळाच्या पैशावर, आणि धर्मशिक्षण देणार नाही या अटीवर. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवतात म्हणून ‘केसरी’ने आघाडी उघडली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे दोघे काही सनातनी नव्हते. मदत मदतीसाठीच असेल तर शेजारी प्रार्थनेचं पुस्तक कशाला?

दौंड लोकल
रानडे-भांडारकर बाहेर पडले हे खरंच. पण गोष्ट तिथेच का थांबवता? 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य हिंदुस्थानात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती मिशन. त्याच काळात लाला लजपतराय आणि आर्यसमाजाने दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी काम उभारलं, ते मुलं मिशनऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणूनच. हेतू काही असो, मुलं जेवली ना? रोमन सम्राट जूलियनही 362 च्या सुमारास आपल्या पुजाऱ्याला चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, तुम्हीही काहीतरी सुरू करा. अशी स्पर्धा रोज होवो.

वाडीवरचे, तुम्हालाही एक. केडगावात आधी पोटाला मिळालं, माग आणि छापखाना नंतर आला. पुढे त्याच आश्रमातल्या बायकांनी रमाबाईंचं मराठी बायबल छापलं. दुष्काळातून आलेल्या हाडाच्या सापळ्याला कुणी ‘हप्ता किती देशील’ विचारलं नव्हतं.

सदाशंकेखोर
‘हेतू काही असो’ हे मला पटत नाही. उपाशी माणसाने दिलेला होकार हा होकार नसतो, मग विचारणारा आर्यसमाजी असो की मिशनरी.

जमाखर्च
मी एका पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामाच्या, हिशोबात बसतो (कुठल्या ते विचारू नका). तत्त्वज्ञान राहू द्या, कर्जाची वसुली कोण करणार? ज्या फादरांकडे कन्फेशनला (पापकबुलीला) जायचं, त्यांच्याच संस्थेचा हप्ता थकलेला. असा माणूस आधी फादरांना टाळतो, मग मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) यायचा बंद होतो. म्हणजे पैसाही गेला आणि माणूसही.

फोटोवर वाडीवरच्यांशी पूर्ण सहमत. फ्रेडरिक ओझानमने 1833 मध्ये पॅरिसमध्ये विन्सेंट दी पॉल संस्था सुरू केली तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्यांची रीत अजून तीच आहे: दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. रांग नाही, स्टेज नाही. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये हे मत्तयात वाचायचं आणि रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर अल्बम टाकायचा, हे आमच्याकडेही चालतं.

अवांतर: 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. मोठ्यांकडून निधी घेऊन खेड्यात काम करणाऱ्या लहान संस्थांचं कंबरडं मोडलं. म्हणून पाकिटातल्या या पैशाचं मोल वाढलंय.

वाडीवरचा
वसुली समितीने करावी, फादरांनी नाही. पतपेढ्या अशाच चालतात. आणि आंधळेपणाने देणं हीच ख्रिस्ती परंपरा असं कुणी सांगू नये. ‘दिदाखे’ हा अगदी सुरुवातीच्या मंडळीचा ग्रंथ. त्यात म्हटलंय की कुणाला देतोस हे कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे.

नगरची लेक
आणि चौथ्या शतकात अंत्युखियात धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम नेमकं उलटं सांगत होता. देणारा म्हणजे बंदर. फुटलेल्या गलबतातून येणाऱ्याला बंदर चांगला की वाईट विचारत नाही, आत घेतं. तुम्ही तर समुद्रकाठचे, तुम्हाला हे मी सांगायचं?

आता कडू बोलते. तुमची पतपेढी उभी राहिली कारण शेअर घ्यायला चार पैसे आणि गहाण टाकायला बागायती वाडी होती. आमचे आजे-पणजे महारवाड्यातून, मांगवाड्यातून मंडळीत आले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती अजून बाहेर. चुलतभाऊ बौद्ध, त्याला ती सवलत. मी ख्रिस्ती, मला नाही. शंकेखोर साहेब, आमच्या लोकांनी आमिषाला भुलून काय कमावलं ते यावरून मोजा.

वाडीवरचा
सगळ्या वसईकरांना बागायतदार समजू नका, ताई. आमच्यात कोळी आहेत, कुळं होती. पण मुद्दा घेतला. आमच्याच भागात वीटभट्टीवर आदिवासी कुटुंबं बयाणा (मालकाकडून आगाऊ पैसे) घेऊन राबतात. मग कर्ज देण्याऐवजी निधीतून त्यांचा बयाणा फेडून टाकू. एकदाच, कायमचं.

जमाखर्च
अजिबात नको! बयाण्यापोटी माणूस अडकवून ठेवला असेल तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ते कर्ज मुळातच रद्द आहे. चर्चने ते फेडलं तर मालकाला आयते पैसे, आणि पुढच्या हंगामाला तो दुप्पट बयाणा वाटेल. तहसीलदाराकडे अर्ज करा, वकिलाचा खर्च निधीतून द्या.

नगरची लेक
आणि सुनावणी होईपर्यंत चूल कशावर पेटवायची? पिशवी द्यावीच लागेल ना?

वाडीवरचा
द्या. पण मुदत घालून, सहा महिने. आणि फोटो नाही.

सदाशंकेखोर
मिस्सेला न येणाऱ्यालाही?

वाडीवरचा
आमच्या वाटपाच्या वहीत धर्माचा रकानाच नाही.

जमाखर्च
रकाना नाही, पण वहीत नावं येतात वाडीवाडीतल्या ख्रिस्ती घरांच्या समूहप्रमुखांकडून, आणि ते देतात ती आपल्याच घरांची. भट्टीवरचा वारली कुठल्या समूहात धरायचा?