पारिजातक भरायचाय, पण ऑफ-व्हाईट कापडावर पांढरी फुलं दिसतच नाहीयेत, मदत करा

सुईदोरा_पुणे:
नमस्कार मंडळी, आईचा सत्तरावा वाढदिवस दिवाळीनंतर आहे आणि मला तिच्यासाठी तिच्या अंगणातला पारिजातक भरायचाय, चिपळूणजवळ आमचं घर आहे, तिथे विहिरीच्या कडेला ते झाड आहे आणि लहानपणी रोज सकाळी परडी घेऊन फुलं वेचायचं काम माझं असायचं, म्हणून दुसरं कुठलंच फूल नकोय. भरतकामाची दहा इंची रिंग घेतलीय, ऑफ-व्हाईट कॉटन, अँकर कंपनीचा सुती दोरा. दोन फुलं भरून झाली पण लांबून बघितलं की फक्त केशरी ठिपके दिसतात, पाकळ्या गायब! सॅटिन स्टिच (शेजारी शेजारी सरळ टाके घालून भरणं) केलाय दोन पदरी दोऱ्याने आणि फुलाभोवती कापड गोळा होतंय. पानं पण आंब्याची वाटतात. पाकळ्यांना काळी आउटलाईन मारू का? मन होत नाहीये.

गोधडीवाली_आजी:
अगं काळी आउटलाईन अजिबात नको, फूल छापील वाटेल. आधी कापडाचं बघ. कापड गोळा होतं कारण रिंगमधे ते सैल असतं आणि आपण दोरा ओढून घेतो. आतल्या रिंगला सुती नाडी गुंडाळ घट्ट, मग कापड सरकत नाही, टिचकी मारली की डफासारखं वाजलं पाहिजे. आणि सुई एका दमात खाली-वर काढू नकोस, एकदा खाली घाल, मग खालून वर. वेळ लागतो पण ताण सारखा राहतो. दोरा एकच पदर घे, लांबी कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून लांब घेतलास तर शेवटी शेवटी पिंजून जातो आणि पांढऱ्यात ते लगेच कळतं. पाकळीच्या कडेने आधी स्प्लिट स्टिच (आधीच्या टाक्याचा दोरा सुईने दुभागत जायचं) घाल आणि त्याच्या बाहेरून सॅटिनचे टाके घे, कड उचलून येते, आउटलाईनची गरजच राहत नाही. पाकळीच्या मधून सुरुवात कर आणि एकेका बाजूला जा, टोकापासून नको.

रानवाटा:
भरतकाम मला येत नाही, बायको करते, पण झाडांचं थोडं सांगू शकतो. पाच पाकळ्यांचं एकसारखं फूल काढलंय का ताई तुम्ही? पारिजातकाला पाच ते आठ पाकळ्या असतात, एकाच झाडावर वेगवेगळ्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेला किंचित पिळलेल्या असतात भिंगरीसारख्या, शिवाय प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाच असते. या दोन गोष्टी नसल्या तर ते कुठलंही पांढरं फूल होतं, मग दोरा कितीही महागाचा असो. पानं समोरासमोर जोडीने येतात, आंब्यासारखी एकाआड एक नाही, आणि हाताला चक्क पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागतात. कोवळी फांदी गोल नसते, चौकोनी असते, दोन छटांच्या दोन ओळी शेजारी शेजारी घातल्या तर ती धार दिसेल असं बायको म्हणतेय. आणि जमलं तर फळंपण घ्या, ती चपटी गोल, बटणासारखी, वाळली की तपकिरी होतात. फुलांसोबत एक-दोन फळं काढली की ओळखणारा लगेच ओळखेल.
हो, गावी कोणी असेल तर त्यांना झाडाचे फोटो काढायला सांगा, पण फुलाचा समोरून एकच नको. मागून, बाजूने, आणि पान फांदीला जिथे जोडलंय तिथला पण.

गिरगावकर_मीनल:
मला वाटतं प्रॉब्लेम पांढऱ्या दोऱ्याचा नाहीच, कापडाचा आहे. आमच्या शेजारच्या पारशी आंटींकडे त्यांच्या आजीचा गारा, म्हणजे पारशी भरतकामाची साडी, आहे, गर्द जांभळं रेशीम आणि त्यावर नुसती पांढरी फुलं. हे काम एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांबरोबर चीनमधून मुंबईला आलं, त्यामुळे फुलंसुद्धा तिकडची आहेत, शेवंती वगैरे. त्या साडीत पांढऱ्याची एकच छटा आहे तरी प्रत्येक पाकळी वेगळी दिसते, कारण टाक्याची दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो. आपला सुती दोरा रेशमाइतका चमकत नाही पण थोडं तरी होतंच. प्रत्येक पाकळीचे टाके केशरी मध्याकडे वळव आणि रानवाटांनी सांगितलेली खाच आहे तिथून पाकळीचे दोन भाग कर, दोन्हीकडचे टाके थोडे तिरके. गडद कापडावर करून तर बघ एकदा!!! फक्त कापड आधी दोनदा धुऊन घे, रंग सुटला तर पांढरा दोरा गेला कामातून. आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने डिझाईन काढलं असशील तर ते गार पाण्याने पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नको, डाग पक्का होतो.

सुईदोरा_पुणे:
किती छान लिहिलंय सगळ्यांनी. एक विचारू, देठाचा केशरी रंग फुलांपासूनच काढून दोरा रंगवला तर? आई पूर्वी देठ वाळवून ठेवायची.

गोधडीवाली_आजी:
रंग सुरेख येतो पण उन्हाने उडतो बाई, भिंतीवर लावायचं आहे ना, वर्षभरात फिका पडेल. विकतचाच केशरी घे. देठाला बुलियन नॉट (सुईला दोरा गुंडाळून केलेली लांबट गाठ) घाल, सात-आठ वेढे, लांब बारीक सुईने, म्हणजे तो कापडावर उठून उभा राहतो. पानांना फिशबोन (मधल्या शिरेवर दोन्हीकडून येणारे तिरके टाके) आणि सुईत दोन वेगळ्या हिरव्यांचा एकेक पदर एकत्र, खरखरीतपणा येतो.

सुईदोरा_पुणे:
भावाने आज पहाटे फोटो पाठवले. एकाला सहा पाकळ्या, शेजारच्याला सात! आणि मी इतकी वर्षं वेचली तरी लक्षातच आलं नव्हतं की खाली पडलेली बरीच फुलं उपडी असतात, केशरी देठ वर. म्हणजे आजींचा बुलियन तिथेच लागणार. ऑफ-व्हाईट बाजूला ठेवलंय, शेणाने सारवलेल्या अंगणाच्या रंगाची खादी मिळाली, हिरवट तपकिरी, धुवून वाळत घातलीय. वर एका कोपऱ्यात फक्त एक फांदी आणि पानांची जोडी, बाकी सगळी खाली पडलेली फुलं. साधारण अठरा बसतील असं दिसतंय, त्यातली किती उपडी ठेवू?

रानवाटा:
फोटोत मोजा आणि तेवढीच ठेवा.