ट्रेड लॉ कागद हातात देऊन शिकवायचाय, गोव्यात कोणी केलंय का?

फोंड्याचा_मास्तर
नमस्कार मंडळी. एका लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा हा ऑप्शनल विषय शिकवतो, हे चौथं वर्ष. गेल्या महिन्यात वर्गात एक गोष्ट झाली ती डोक्यातून जात नाहीये. कोळंबी-कासव केस (भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड विरुद्ध अमेरिका, १९९८; कासवं न वाचवता पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेने आयातबंदी घातली ती) पोरांना तोंडपाठ. गॅट ह्या जागतिक व्यापार कराराच्या कलम २० चा अपवाद काय, अमेरिकेला तो का नाकारला, कॅरिबियनकडच्या देशांना तयारीला तीन वर्षं आणि आपल्याला चारच महिने दिले, सगळं धडाधड सांगतात. त्याच तासाला मी ओळखीच्या निर्यातदाराचं एक शिपिंग बिल (माल बाहेर पाठवण्याआधी कस्टम्सकडे भरायचा कागद) नावं झाकून फिरवलं आणि विचारलं, ह्या मालाला ड्यूटी कुठल्या तारखेच्या दराने लागेल. वर्ग गप्प. शेवटी एका मुलीने विचारलं, सर हे बिल नेमकं कोण कोणाला देतं? तिची काय चूक, मी चार वर्षांत कधी दाखवलंच नव्हतं.

मुरगाव बंदर तासाभरावर, वेर्ण्याला औषधांच्या कंपन्या, काजूचे कारखाने तर जागोजागी, आणि माझी पोरं पुस्तकातूनच माल पाठवतायत. कॉलेजला विचारलं तर म्हणतात एक इंडस्ट्रियल व्हिजिट ठेवा. ती मागच्या वर्षी केली, हेल्मेट घालून फोटो काढले आणि घरी आलो. माझ्याकडे २२ विद्यार्थी आणि १० शनिवार आहेत. काय करू सांगा.

वास्को_जी_कार्ड
सर, मी कस्टम्स ब्रोकरकडे आहे, जी कार्ड होल्डर (म्हणजे कस्टम्सची परीक्षा पास झालेला कर्मचारी), १४ वर्षं झाली. तुम्ही विचारलेला प्रश्न चांगलाय, पण कोरा विचारलात म्हणून वर्ग गप्प बसला, त्यात पैसा घालून बघा. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला २०२२ चा मे महिना सांगतो. २१ मेच्या संध्याकाळी नोटिफिकेशन आलं, २२ पासून लोहखनिजावर ५० टक्के एक्सपोर्ट ड्यूटी, ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या मालालासुद्धा, ज्याच्यावर तोपर्यंत शून्य होती. आता गोव्याचा माल मुख्यतः कमी ग्रेडचाच, त्यामुळे कोणाला लागलं असेल ते सांगायला नको.

विद्यार्थ्यांना तीन कागद द्या. एप्रिलमधला करार, एफओबी मुरगाव (विकणाऱ्याने माल मुरगावला जहाजावर चढवून द्यायचा), समजा ५०,००० टन ६० डॉलरने. शिपिंग बिल १९ मेला फाइल केलेलं. आणि लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल चढवायची कस्टम्सची परवानगी, २३ मेची, कारण मधे पाऊस आला, बार्ज थांबले, काहीही धरा. मग विचारा ड्यूटी किती. निम्मी पोरं सांगतील शून्य, बिल १९ चं आहे ना. मग त्यांना कस्टम्स ॲक्टचं कलम १६ उघडायला लावा, दर लागतो तो कलम ५१ खाली माल चढवायची परवानगी मिळते त्या दिवशीचा. म्हणजे १५ लाख डॉलर. हा आकडा फळ्यावर लिहिला ना की पेंगणारा पण सरळ बसतो.

आणि खरी मजा इथून पुढे. हे पैसे कोणाचे? एफओबीमधे एक्सपोर्ट क्लिअरन्स आणि त्याची ड्यूटी विकणाऱ्याकडे, इन्कोटर्म्स (एफओबीसारख्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) वाचून लगेच सांगतील. तेव्हा दुसऱ्या गटाच्या हातात सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम ६४ए द्या, करारानंतर ड्यूटी वाढली तर विक्रेता ती किमतीत मिळवू शकतो, पण करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तरच. मग एफओबी ही तीन अक्षरं म्हणजे वेगळा हेतू झाला का? आणि करार इंग्लिश लॉखाली असेल तर ६४ए लागेल तरी का? ह्याच्यावर दोन तास भांडू देत, तुम्ही मधे पडू नका. शेवटी प्रत्येकाने पुढच्या करारासाठी ड्यूटी बदलली तर काय ह्याचा एक क्लॉज लिहून द्यायचा, चार ओळींच्या वर नाही. (नोव्हेंबरात ती ड्यूटी मागे घेतली, तेव्हा क्लॉज दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे, कमी झाली तर फायदा कोणाचा तेही यायला हवं.)

बंदर दाखवायचं असेल तर हे झाल्यावर दाखवा. आधी नेलं तर क्रेन बघतात, नंतर नेलं तर कागद कुठे अडतो ते बघतात.

डिचोलीची_काजूवाली
सर आमचा छोटा कारखाना आहे, गोव्याची बी पुरत नाही म्हणून आफ्रिकेची आणतो. तुमच्या मुलांना आमच्याकडे पाठवा आणि कट टेस्ट करायला लावा. एक किलो बी मोजून घ्यायची, अडकित्त्याने एकेक कापायची, चांगला गर, डागी गर, पोकळ बी वेगवेगळी काढून वजन करायचं आणि ८० किलोच्या पोत्याला किती पाउंड गर पडेल ते काढायचं. करारात ४७ लिहिलंय आणि हातात ४४ आलं तर नमुना कोणी घेतला, कुठल्या पोत्यातून, समोरचा माणूस हजर होता का, सील कोणाचं, हे सगळं तिथेच सुचतं. आमचा एक क्लेम असाच गेला, नमुना आम्ही एकट्यानेच काढला होता, फोटो होते पण त्यात पोत्यावरचा मार्काच दिसत नव्हता. वकिलाने विचारल्यावर कळलं. हातमोजे द्या हं मुलांना, टरफलातलं तेल भाजतं.

अजून एक. बेनिनचा माल आणि आयव्हरी कोस्टचा माल दिसायला सारखाच, पण बेनिन अल्पविकसित देशांच्या यादीत आहे आणि आयव्हरी कोस्ट नाही, म्हणजे आयात ड्यूटीतल्या सवलतीचा हिशोब वेगळा. २०२० च्या कॅरोटार नियमांनंतर (माल कुठल्या देशाचा ह्यावर ड्यूटीत सवलत मागताना लागणारे कस्टम्सचे नियम) नुसतं ओरिजिन सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, माल तिथलाच कसा हे आयात करणाऱ्याला माहीत पाहिजे आणि ते कागद पाच वर्षं सांभाळायचे. आणि गोव्याच्या काजूला २०२३ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तर आफ्रिकेची बी इथे फोडून पाकिटावर गोवा काजू छापायचं का? हे मुलांना विचाराच, आमच्या गावात ह्याच्यावरून घराघरात वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे, छापू नये, झाडावर चढणाऱ्याचा हक्क आहे तो.

एलसी_डेस्क_मडगाव
बँकेत ट्रेड फायनान्सला आहे. एक शनिवार मुलांना बँक करा. एलसी (कागद बरोबर असतील तर पैसे देऊ अशी बँकेची हमी), इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (बीएल, जहाज कंपनीची मालाची पावती), पॅकिंग लिस्ट, आणि त्यात मुद्दाम चुका पेरा. एलसीत काजूगराचा ग्रेड डब्ल्यू ३२० आणि इन्व्हॉइसवर डब्ल्यू २४०. शेवटची शिपमेंट तारीख १५ जुलै आणि बीएलवर ऑन बोर्ड १७. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे बँकेला तपासायला पाच बँकिंग दिवस असतात, तुम्ही ५० मिनिटं द्या. पहिल्यांदा सगळे म्हणतात, पण माल तर चांगलाच होता ना मॅडम. तेव्हा कलम ५ वाचून दाखवा, बँक कागदांशी व्यवहार करते, मालाशी नाही. मी स्वतः हे नोकरीत लागल्यावर शिकले, कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं एवढी रडत काढली नसती.

फोंड्याचा_मास्तर
मंडळी, देव बरें करूं. ताई, कट टेस्टला एका वेळी ११ जण चालतील का, दोन शनिवार करतो, बियांचे पैसे आम्ही देऊ. दादा, ते मेचे तीन कागद मी स्वतः नव्याने टाइप करतो, खऱ्या पार्टीचं नाव, आयईसी (निर्यातदाराचा नंबर), एडी कोड (त्याच्या बँकेचा कोड) काहीच नको. पण तुम्ही एकदा नजर टाकाल का, तारखा बरोबर बसल्यात की नाही?

वास्को_जी_कार्ड
पाठवा सर. आणि शिपिंग बिलात आठ आकडी एचएस कोड (माल कुठल्या वर्गात बसतो तो नंबर) मुद्दाम चुकीचा टाका, मुलांना सांगू नका. किती जणांना सापडतो ते मला कळवा.