कोकणकड्यावर दोनदा गेलो, दोन्ही वेळा फोटोत नुसतं पांढरं

चिखलपाय:

मंडळी, कॅमेरा घेऊन दीड वर्ष झालं. सेकंडहँड आहे, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स. राहायला चिंचवडला. यंदा जुलैत एकदा आणि ऑगस्टात एकदा पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड केला, खास कोकणकड्याच्या फोटोसाठी. पहिल्या खेपेला रात्रभर गाडीत एसी चालू होता. पाचनईला उतरून कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ. पुसली की दोन मिनिटांत परत. दुसऱ्या खेपेला शहाणपणा करून एसी बंद ठेवला, कड्यावर सहा तास बसलो. समोर दूध. घरी फोटो दाखवले तर बायको म्हणते, "भिंतीचेच फोटो काढायचे होते तर आपल्या जिन्यातली काय वाईट होती?"

बाकी जे धुक्यातले फोटो आलेत तेही मळकट राखाडी, धुतलेल्या पोतेऱ्यासारखे. डोळ्यांना तसं दिसत नव्हतं हो. माझं काय चुकतंय?

शिवाय इंद्रवज्राची फार इच्छा आहे. गोल इंद्रधनुष्य फ्रेममध्ये मावावं म्हणून १०-१८ची वाइड लेन्स भाड्यानं घेणार आहे. घेऊ ना?

भटकी चप्पल:

जुलैत कोकणकडा? भिजायला जा, फोटोला नको. सप्टेंबरअखेर जा. बाकी जाणकार सांगतीलच.

जुना ट्रायपॉड:

मी जाणकार नाही, पण तुम्ही करायला निघालात ती चूक आधीच करून बसलोय, म्हणून लिहितो. भाड्याचे पैसे वाचवा.

इंद्रवज्राला गोल इंद्रधनुष्य म्हणतात आणि तिथंच माणूस फसतो. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश, ते अख्खं गोल टिपायचं तर वाइडच लागते. मीही हाच हिशोब मांडून मित्राची १० मिमीची लेन्स मागून नेली होती. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, रात्री गुहेत झोपलो, उजाडता उजाडता कड्यावर. आठ वाजत आले असतील. पाठीमागून तारामती शिखराच्या अंगानं ऊन आलं आणि खाली बेलपाड्याची दरी ढगानं काठोकाठ भरलेली. त्या ढगावर माझी सावली पडली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं! फोटो काढला, मागे बघतो तर ते कडं शर्टाच्या बटणाएवढं. आजूबाजूला एकरभर रिकामा ढग.

कारण इंद्रवज्र इंद्रधनुष्यापेक्षा फारच लहान असतं. ढगातल्या बारीक थेंबांवरून उजेड जवळजवळ आल्या वाटेनं परत फिरतो, त्यामुळे त्याची कडी सावलीभोवती जेमतेम काही अंशांत मावतात. पन्नासची लेन्स सॅकच्या तळाशी होती. एक झाकण दातात, दुसरं खिशात, लेन्स फिरवून बसवली, मान वर केली. दूध.

सोबत दोघं होते. आम्ही तिघं तेव्हा चक्क भांडत होतो, प्रत्येक जण म्हणे कडं माझ्या डोक्याभोवती आहे. तिघंही खरं बोलत होतो. ज्याला त्याला आपल्याच सावलीभोवती दिसतं आणि कॅमेऱ्याला कॅमेऱ्याच्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या इंद्रवज्राबद्दल लिहून ठेवलंय, नोंद १८३५ची. त्या काळी कॅमेरा नव्हता, बिचारा शांतपणे बघू शकला असेल.

तेव्हा तुमची आहे तीच १८-५५ न्या आणि ५५वर, म्हणजे सगळ्यात जवळ ओढून, ठेवा. बास.

कडा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे ऊन पाठीशी फक्त सकाळी. संध्याकाळी जाल तर सूर्यास्त मिळेल, इंद्रवज्र नाही. आणि ढग पायाखाली हवा, डोक्यावर नको. जुलै-ऑगस्टात तो दोन्हीकडे असतो, ऊन येणार कुठून?

वाफेचं म्हणाल तर काच थंड आणि हवा दमट असली की ती धरणारच. पुसून उपयोग नाही. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून सॅकमध्येच राहू द्या, बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की काढा. गडावरच्या देवळापर्यंत चढायला दोनेक तास जातात, तेवढे भरपूर झाले.

चिखलपाय:

५५वर ठेवा! एवढं सोपं होतं? आणि राखाडी का येतात ते राहिलं.

जुना ट्रायपॉड:

विसरलो. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर सगळं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो फोटो काळपट करून राखाडीवर आणतो. एक्स्पोजर भरपाई, म्हणजे फोटो उजळ-काळपट करायची सेटिंग, अधिक एकपर्यंत न्या. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकला पाहिजे, पण उजव्या कडेच्या भिंतीला डोकं आपटता कामा नये.

फोकसचंही तसंच. धुक्यात पकडायला काही नसतं, लेन्स घर्र घर्र करत मागेपुढे होत बसते आणि नेमकी तेवढ्यात ढगाची फट मिटते. एखादी लांबची कड क्षणभर दिसली की फोकस तिथं लावा, मग मॅन्युअलवर टाकून हात लावू नका. चौकट आधीच बांधून ट्रायपॉडवर तयार ठेवायची. ढग उघडल्यावर सॅक उघडणारा माणूस गेलाच. सहा तास बसलात म्हणता, त्यातला किती वेळ कॅमेरा हातात होता, किती वेळ मोबाइल?

आंबोलीची जळू:

मोबाइलला रेंज कुठे असते तिथं, काका :)

मी सिंधुदुर्गातली, आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ट्रेकवरून आल्यावर काय करता ते कुणी विचारलंच नाही, म्हणून विचारते. माझी एक लेन्स अशीच गेली. ओली नव्हती हो, कोरडी पुसूनच ठेवली होती, पण तिच्या त्या छान मऊ पाऊचमध्ये. पाऊचनं चार महिने ओल धरून ठेवली. दिवाळीत काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात नवी आली असती.

आता पोह्यांचा हवाबंद डबा घेतलाय आणि त्यात सिलिका जेल. निळ्या दाण्यांचं मिळतं, ओल शोषली की गुलाबी होतं, मंद आचेवर तव्यात परतलं की परत निळं. (तवा वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. सासूबाईंनी एकदा साबुदाणा समजून हातात घेतलं होतं.) कॅमेरा तांदळात पुरून ठेवा असं कुणी सांगेल, अजिबात ऐकू नका. तांदळाची पूड सगळ्या फटींत जाऊन बसते.

ट्रायपॉडचे पायही खोलून वाळवा. आणि ओल्या झाडोऱ्यात लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून बघा. पानांवरची चकाकी जाते, खालचा हिरवा रंग वर येतो. मात्र तो एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा जास्तच, उजेड खातो, हातात धरून काढायच्या भानगडीत पडू नका.

भटकी चप्पल:

आणि छत्री.

जुना ट्रायपॉड:

कोकणकड्यावर छत्री? तिथला वारा खालून वर येतो. कड्यावरून टाकलेली टोपी परत डोक्यावर येते. छत्री उलटी होऊन तुम्हालाच नेईल. देवळाशी, केदारेश्वराच्या गुहेशी वापरा, तिथं ठीक आहे. आणि चिखलपाय, कठड्याच्या पलीकडे जाऊ नका. ओल्या गवतावरून घसरलेला ट्रायपॉड मी पाहिलाय. आवाज फार उशिरा येतो.

चिखलपाय:

जाऊन आलो, ऑक्टोबरचा पहिला शनिवार. पावणेसातला कड्यावर, लेन्स ५५वर, अधिक एक, फोकस मॅन्युअल. साडेआठला ऊन आलं. ढग मात्र फार खाली बसला होता, सावली पोचलीच नाही. इंद्रवज्र नाही.

पण त्याआधी, सव्वासातच्या सुमारास, अर्ध्या मिनिटासाठी कड्याची अख्खी वाटी उघडली. खालपासून वरपर्यंत काळा कातळ आणि त्याच्या मध्यावर पांढरा पट्टा अडकलेला. सात फोटो मिळाले, दोन बरे आहेत. बायकोनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "भिंतीला भेग पडली वाटतं."

ढग खाली आहे तोवर पुढच्या शुक्रवारी रात्री परत निघतोय. गाडीत एक जागा रिकामी आहे. एसी लावणार नाही, आधीच सांगतो.

आंबोलीची जळू:

लेन्स डब्यात ठेवली का?