हेस्टिंग्जचा पिअर: मोकळं अंगण की अर्धवट काम?

ओळंबा
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हेस्टिंग्ज पिअर, म्हणजे खांबांवर समुद्रात पुढे गेलेला फिरायचा धक्का, ऑक्टोबर २०१० मध्ये जळाला. डेकवरचं, म्हणजे खांबांवरच्या फळ्यांच्या जमिनीवरचं, जवळपास ९५ टक्के बांधकाम गेलं. डीआरएमएम या वास्तुरचनाकारांच्या कचेरीने तो नव्याने उभा केला. खर्च १ कोटी ४२ लाख पौंड, मोठा वाटा लॉटरीच्या वारसा निधीचा. एप्रिल २०१६ मध्ये तो खुला झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. ब्रिटनमध्ये इमारतीसाठी याहून मानाचं बक्षीस नाही. पुढच्या महिनाभरातच चालवणारी संस्था कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात गेली. गावातले काहीजण पिअरला 'फळी' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समुद्राकडचं टोक रिकामं ठेवलं, हा त्या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १४४ किलोमीटरच्या झोतात दर चौरस मीटरला साधारण १०० किलो भार येतो. टोकावर ४० मीटर लांब आणि ८ मीटर उंच मंडप, म्हणजे जुन्या पिअरांवर असायचं तसं बंदिस्त सभागृह, धरा. ३२० चौरस मीटरच्या भिंतीवर ३२ टनांचा आडवा रेटा, वर मागच्या बाजूचा शोष वेगळा. हा रेटा डेकच्या चार मीटर वर लागतो, त्यामुळे वाऱ्याकडचे खांब उपटायला बघतो आणि पलीकडचे दाबतो. खाली काय आहे? १८७२ मध्ये खुल्या झालेल्या मूळ पिअरचे सडपातळ ओतीव लोखंडी खांब आणि त्यांना तिरके बांधणारे गज. ओतीव लोखंड दाब मजेत घेतं, ताण आणि वाक मात्र त्याला सोसत नाही, सरळ तडकतं. म्हणून निधीचा मोठा भाग डेकखालच्या दुरुस्तीत गेला. तो कुणाला दिसत नाही आणि त्याचा फोटोही छापून येत नाही.

जुनी_खुंटी
ओळंबाराव, गणित चोख आहे, पण इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पिअरचा मूळ अभियंता युजिनियस बर्च याने याच पिअरच्या टोकावर दोन हजार माणसं बसतील असा मंडप बांधला होता. तो ४५ वर्षं उभा होता आणि १९१७ मध्ये गेला तो आगीने, वाऱ्याने नव्हे. त्या जागी १९२२ मध्ये दुसरा आला. साठच्या दशकात जिमी हेंड्रिक्स, रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड याच पिअरवर वाजवून गेले. पिअर म्हणजे समुद्रावर चालत जायचं आणि टोकाला काहीतरी गवसायचं. आता टोकाला काय आहे? कठडा. गवसण्यासारखं काहीच नसेल तर परत येणारा माणूस 'फळी'च म्हणणार.

आणि वेस्टन-सुपर-मेअर बघा. तिथला ग्रँड पिअरचा मंडप जुलै २००८ मध्ये जळाला, ऑक्टोबर २०१० मध्ये नवा उघडला. टोकावरच, भलाथोरला आणि छपराखाली. बांधता येतो, हे तिथे दिसलंच की.

ओळंबा
येतो ना. खर्च ३ कोटी ९० लाख पौंड, म्हणजे हेस्टिंग्जच्या पावणेतीन पट. तेवढे पैसे टाकायला मालक तयार असेल तर मीही मंडप काढून देतो.

बर्चचा मंडप टिकला कारण तेव्हा गज आणि त्यांच्या गाठी नव्या होत्या. खाऱ्या पाण्यात सगळ्यात वाईट पट्टा भरतीरेषेच्या जरा वरचा, जिथे तुषार उडतात आणि वाळतात. पाणी आणि हवा दोन्ही भरपूर, वाळताना मीठ साचत जातं. नेमक्या याच उंचीवर तिरक्या गजांच्या बऱ्याच गाठी येतात. बाहेरून रंग शाबूत, आत पिन निम्मी खाल्लेली. गज सैल झाला की खांबांची चौकट झुलायला लागते. त्यात आगीची भर: ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद साधारण निम्मी उरते. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं तर त्याला केसासारख्या चिरा जातात, त्या रंगाखाली लपतात आणि पुढच्या वादळात उघड होतात.

सुतारपक्षी
टोकाचं भांडण चालू द्या. मधल्या अभ्यागत केंद्रावर कुणी बोलतच नाही. 'लाकडी खोकं' म्हणून त्याची चेष्टा होते, पण वजनाच्या दृष्टीने तो बरोबर उपाय आहे. सांगाडा सीएलटीचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेल्या जाड फळ्यांचा. त्याचं वजन घनमीटरला ५०० किलोच्या आतबाहेर, काँक्रीटचं २४०० च्या पुढे. जुन्या खांबांवर हा फरक लगेच कळतो.

आगीत गेलेल्या पिअरवर परत लाकूडच कसं, हा नेहमीचा प्रश्न. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळसतं. तासाभरात ४० मिलिमीटर जळालं तरी आतला गाभा भार घेत राहतो, तेवढी जाडी आधीच जास्त धरायची. खरा धोका डेकमध्ये आहे. फटींतून खालून वारा येतो, अख्खा पिअर भट्टीच्या जाळीसारखा होतो. बंबाला वाट एकाच बाजूने, आणि ओहोटीला पाणी पंपापासून लांब गेलेलं.

बाहेरचं आच्छादन आगीतून वाचलेल्या जुन्या डेकच्या फळ्यांचं आहे. मला ते आवडतं, पण त्यावर पोट भरणाऱ्याला त्यातले कष्ट माहीत असतात. प्रत्येक फळीतले मोडके खिळे शोधून काढायचे, नाहीतर करवतीचं पातं जातं. फळ्यांच्या मागे हवेची फट ठेवायची, खाली आणि वर दोन्हीकडे उघडी. सीएलटीची खालची कड डेकपासून उचलून घ्यायची, कारण आडव्या कापातून लाकूड पाणी शोषतं आणि ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशी धरते. स्क्रू स्टेनलेस, तेही खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ दर्जाचे. साधे वापरले तर दोन हिवाळ्यांत प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ उतरतो, आणि मग लोक म्हणतात आधुनिक वास्तुकला कळकट दिसते.

जुनी_खुंटी
सुतारपक्षीताई, बांधणीला माझी हरकत नाहीच. माझी हरकत दिसण्याला आहे. वाचलेला पश्चिमेकडचा जुना मंडप त्यांनी नीट दुरुस्त केला, हे मान्य. पण नवं केंद्र त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. साउथवोल्डचा पिअर २००१ मध्ये जवळजवळ नव्यानेच बांधला. पांढरे कठडे, उतरत्या छपराच्या बैठ्या खोल्या. कुठलंही मोठं बक्षीस नाही, लोक मात्र खूश.

ओळंबा
साउथवोल्ड गोड आहे. गोडच आहे.

हिशेबनीस
दिसण्यावर एवढा खल कशाला? पिअर बुडतो तो हिशेबात. डेकवर इमारत असो वा नसो, खालचा खर्च तेवढाच. खांब तपासायला पाणबुडे, रंगकामाला ओहोटीची वेळ साधून टांगते मचाण, विमा, रात्रीचा पहारा. रिकामा पिअर राखायला भरलेल्याइतकाच पैसा लागतो, उत्पन्न मात्र येतं छपराखालून: खाणं, पेय, खेळाची यंत्रं, भाड्याचे गाळे. मोकळ्या डेकवर जत्रा, सर्कस, मैफल सगळं होतं, पण शनिवारी वारा सुटला की तिकिटाचे पैसे परत आणि मंचाचं भाडं अंगावर.

हेस्टिंग्जला सुमारे तीन हजार लोकांनी भागभांडवल घातलं, ५ लाख ९० हजार पौंडांच्या आसपास. रक्कम कौतुकाची, पण ती खेळतं भांडवल म्हणून वर्षं काढण्याइतकी नव्हे. निधी बांधकामाला मिळतो, चालवण्याला मिळत नाही. २०१८ मध्ये पिअर विकला गेला तेव्हा बातम्यांतला आकडा ५० हजार पौंडांचा होता. मागच्या बाजूने दोन शून्यं गेली असं वाटावं इतका कमी. घेतला कुणी, तर ईस्टबोर्नच्या पिअरच्या मालकाने. यात नक्षीदार घुमट असता तर काय बदललं असतं?

जुनी_खुंटी
घुमटाखाली छप्पर असतं, हिशेबनीस! छप्पर असतं तर तुमचं उत्पन्न आलं असतं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

हिशेबनीस
छपराची बाजू मांडतोय, घुमटाची नाही. पत्र्याची शेड चालेल.

खारावारा
दोघांच्याही मधला एक दाखला राहून गेला. इंग्लंडमधलंच डील हे गाव. तिथला पिअर १९५७ चा, पोलादी खांबांवर काँक्रीट चढवलेला, १०२६ फूट, म्हणजे ३१३ मीटर. काडीची नक्षी नाही. टोकाला वास्तुरचनाकार नायल मॅकलॉक्लिन यांचं २००८ चं उपाहारगृह, लाकूड आणि काच, अगदी आजच्या वळणाचं. म्हणजे लोकांना आधुनिक रूप नको असतं हे खरं नाही, आणि टोक रिकामंच हवं हेही नाही. ओळंबांच्याच सूत्राने २० मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोली धरली तर रेटा सहा टनांवर येतो. बत्तीस आणि सहा यांत फार अंतर आहे.

माझ्या मते निम्मी नाराजी वाऱ्याची आहे, शैलीची नाही. इंग्लंडच्या जुन्या पिअरवर मधोमध काचेचा उभा पडदा असायचा आणि त्याला दोन्हीकडून बाक. वारा कुठूनही येवो, एक बाजू निवाऱ्याची. म्हातारी माणसं तासभर बसायची ती त्या पडद्यामुळे. हेस्टिंग्जच्या मोकळ्या डेकवर आडोसा कुठे आहे?

ओळंबा
डीलचा मुद्दा घेतला. बैठी खोली टोकावर चालली असती, एवढं मागे येतो.

पडद्याबद्दल मात्र सावध. भरीव काच लावली की वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो, बसणाऱ्याची टोपी उलट्या दिशेने जाते. निम्मी मोकळी जाळी किंवा पट्ट्यांचा पडदा झोत मोडतो आणि उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आडोसा देतो. दुसरं, हेस्टिंग्जच्या पिअरएवढं २७७ मीटरचं पोलाद ३० अंशांच्या फरकाने एकूण १० सेंटिमीटर लांबतं. डेकला जिथे सांधा, नेमका तिथेच पडद्यालाही सांधा हवा. तो चुकला तर पहिल्या उन्हाळ्यात काच जाते आणि दोष काचवाल्याला मिळतो.

खारावारा
मग काढता येणारं कापडी छत? उन्हाळ्यात लावायचं, थंडीत उतरवायचं. मोकळं अंगणही राहतं.

सुतारपक्षी
चालेल, पण पाया फळीत नको. १० बाय १० मीटरच्या कापडाखाली वारा शिरला की ताशी १०० किलोमीटरलाच चार-पाच टन वर ओढतो. फळी स्क्रूसकट निघून येईल. छताच्या खांबांच्या बैठका खालच्या तुळयांना बोल्टने धराव्या लागतील आणि त्यांची भोकं वर झाकणाने बंद, नाहीतर त्यातच पाणी साचून तुळई गंजायची.

हिशेबनीस
आणि वादळाच्या आदल्या संध्याकाळी ते उतरवायला चार माणसं कामावर हवीत. त्यांचा पगार कुठल्या खात्यातून?