घोडे की प्राणिसंग्रहालय? पशुवैद्यक होणाऱ्या मुलीसाठी सल्ला हवा आहे

प्रश्न : माझी मुलगी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. तिला घोडे आणि वन्यप्राणी या दोहोंचीही ओढ आहे. एकच वाट निवडावी लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : मी वीस वर्षे शर्यतीचे घोडे तपासले आहेत. या वाटा वाटतात तितक्या दूर नाहीत, कारण झेब्रा आणि गेंडा हे घोड्याच्याच विषमखुरी गणातले असून त्यांचेही अन्न मुख्यतः मोठ्या आतड्यात आंबते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की तो कुशीकडे वळून पाहतो, पायाने जमीन उकरतो. अशा वेळी कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुडगुड ऐकू आली नाही, तर क्षणही दवडू नये. हा कान तिने आधी तबेल्यात तयार करावा.

प्रतिसाद २ : सहमत आहे, परंतु घोडा हात लावू देतो, बिबट्या देत नाही. त्यामुळे रोज सकाळी विष्ठा, उरलेले मांस आणि चाल पाहणे हीच तिथे अर्धी तपासणी असते, आणि लपवलेले दुखणे बहुधा रोज खाऊ घालणाऱ्या माणसाच्याच प्रथम लक्षात येते. त्याचे म्हणणे तिने मनापासून ऐकावे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आंतरवासितेत ती तबेल्यापासूनच सुरुवात करील.