मदत हवी आहे: सोलापूरहून मुंबईला चेलोच्या कॉन्सर्टला जायचंय, सोबत वडील

चिंचेची_चटणी

नमस्कार मंडळी,

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या (पाश्चात्त्य वाद्यवृंद) कॉन्सर्टला जायचं चाललंय. चेलोचं (व्हायोलिनच्या जातीचं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) एकलवादन आहे, चेक संगीतकार द्वोर्झाकचा बी मायनरमधला कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. सोबत अण्णा, म्हणजे वडील. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, शुगर आहे. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला तरी कान शाबूत आणि पक्का. रेडिओवर सारंगी लागली की ताटावरून उठणारा माणूस. मध्ये भाच्याने मोबाईलवर चेलो लावला, तर म्हणाले, "हा खर्ज कुणाचा गं? गळा आहे का वाद्य?" तेव्हापासून समोर बसून ऐकायचंय म्हणून मागे लागलेत.

आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं, गाण्याचे कार्यक्रम पुष्कळ पाहिलेत. या प्रकाराला मात्र आमच्या घरातलं कुणीच कधी गेलेलं नाही. कार्यक्रम सातला आहे. संपल्यावर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस मिळेल का? की मुक्काम करावा? खुर्च्या कुठल्या घ्याव्यात, पुढच्या की बाल्कनीच्या?

आणि मुख्य अडचण. अण्णांना जागा आवडली की तोंडातून "आहाहा" निघतंच. मांडीवर थाप पण पडते. तिथे चालतं का हे? मी आत्तापासूनच धास्तावलेय.

खालचा_सा

चालत नाही, ताई. सगळं मायक्रोफोनशिवाय वाजतं. चेलोचा हळू स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तर सभागृह गप्प लागतं. खोकलासुद्धा लोक दोन भागांच्या मधल्या वेळेसाठी राखून ठेवतात. थाप मांडीवर पडू द्या, आवाज नको.

टाळ्यांचं: कॉन्चेर्टोचे तीन भाग. पहिला भाग असा दणक्यात संपतो की हात आपोआप उचलले जातात. तिथेच नवखे फसतात. प्रथा अशी की तिन्ही भाग झाल्यावर, कंडक्टर (समोर उभा राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणारा) हात खाली करून वळला की मग टाळ्या. पहिल्या भागानंतर चुकून वाजल्या तरी कुणी खाऊन टाकत नाही.

अण्णांना आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, सुरुवातीला ओबो नावाचं सुषिर वाद्य एक स्वर धरतं, त्यावर सगळे जुळवून घेतात. ते वादन नव्हे, मिळवणं आहे. दोन, चेलोवादक येऊन बसला तरी तीन-साडेतीन मिनिटं नुसता बसून राहतो. आधी ऑर्केस्ट्रा दोन्ही मुख्य धुना मांडतो, त्यातली दुसरी हॉर्न या पितळी फुंकवाद्यावर येते. फार सुरेख जागा आहे ती. मग चेलो वाजू लागतो.

सारंगीवाल्याला एक गोष्ट खटकेल: इथे उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं, नाही. एकूण एक स्वर लिहिलेला. तुमचे अण्णा मागावरचे म्हणून सांगतो, जॅकार्डच्या छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांसारखी नक्षी आधीच ठरलेली. कॉन्चेर्टोत एरवी वादकाला एकट्याने करामत दाखवायला कॅडेन्झा म्हणून जागा असते. हानुश विहान या चेलोवादकाला इथेही ती हवी होती, द्वोर्झाकने साफ नकार दिला.

कारण शेवटातच आहे. हे काम त्याने 1894-95 मध्ये न्यूयॉर्कला असताना लिहिलं. मेहुणी योसेफिना आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिला आवडणारं स्वतःचंच एक गाणं त्याने दुसऱ्या भागात ओवलं. तरुणपणी त्याचा जीव तिच्यावर होता म्हणतात. तो मायदेशी परतल्यावर, मे 1895 मध्ये ती गेली, आणि त्याने शेवट पुन्हा लिहिला. तिसऱ्या भागाच्या अखेरीला सगळं मंदावतं, ते गाणं एकट्या व्हायोलिनवर परत येतं, चेलो हळूहळू खाली उतरत जातो, आणि मग ऑर्केस्ट्रा एकदम उसळून संपवतो. अशा जागी कुणाची तरी करामत कशाला हवी? माझ्या मते तरी त्याचंच बरोबर.

सात_रस्ता_सोलापूर

प्रवासाचं मी सांगतो. सकाळची वंदे भारत धरा, साधारण सहाला निघते, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी. आठवड्यातून एक दिवस नसते, तारीख बघून घ्या. परत सिद्धेश्वर साडेदहानंतर सुटते. कार्यक्रम बहुतेक नऊ-सव्वानऊला आटोपतो, नरिमन पॉइंट ते सीएसएमटी तीनेक किलोमीटर. आरामात मिळते.

तरी एक पळवाट लक्षात ठेवा. कॉन्चेर्टो सहसा मध्यंतराआधी असतो, नंतर सिम्फनी, म्हणजे फक्त ऑर्केस्ट्राची मोठी रचना. अण्णा थकले तर मध्यंतरात उठलात तरी चेलो पदरात पडलेला असतो. फक्त टाळ्या सुरू झाल्या म्हणून लगेच पर्स उचलू नका, चेलोवादक परत येऊन एकट्याने काहीतरी छोटं वाजवतो बऱ्याचदा. बहुतेक वेळा जुन्या जर्मन संगीतकार बाखचंच.

उशीर अजिबात नको. दार बंद झालं की मधली सोयीची जागा येईपर्यंत बाहेर ताटकळावं लागतं. शुगर आहे तर साडेपाचलाच काही खाऊन घ्या, आत डबा उघडता येत नाही.

नवी_पेठेतली

एनसीपीएमधल्या जमशेद भाभा थिएटरचा एसी कडक आहे. पांघरायला घेऊन जा (सोलापूरकराला चादर घे म्हणून सांगायची वेळ यावी!). सूटबूट लागत नाही, अण्णांचा नेहरू शर्ट छान. फोयेमध्ये (बाहेरच्या दालनात) पेटिट हॉल या मुंबईतल्या जुन्या हवेलीतून आणलेला संगमरवरी जिना आहे, बघण्यासारखा. पण गुडघ्यांमुळे चढउतार नको असेल तर तिकीट काढतानाच विचारा.

चिंचेची_चटणी

सगळ्यांचे आभार! खालचा_सा, तुमचं लिखाण अण्णांना वाचून दाखवलं. पुठ्ठ्यांवर म्हणाले, "नक्षी ठरलेली असली तरी धागा ताणायचा किती ते माणसाच्याच हातात." आता हॉर्नची जागा कधी येते म्हणून दहादा विचारतायत.

खुर्च्यांचं राहिलंच. आणि सिद्धेश्वर वेटिंग दाखवतेय.

खालचा_सा

अण्णांना नमस्कार सांगा. एकलवादक कंडक्टरच्या डाव्या हाताला, अगदी पुढे बसतो. गज आणि बोटं दोन्ही बघायची तर खाली मध्यापासून किंचित डावीकडे, सात-आठ रांगा सोडून. अगदी पहिल्या रांगेत मागचा ऑर्केस्ट्रा दिसत नाही. आवाजाचा मेळ बाल्कनीत जास्त चांगला, पण अण्णांना हात दिसायला हवेत असं वाटतं.

सात_रस्ता_सोलापूर

वेटिंग असेल तर चार्ट लागेपर्यंत थांबू नका, वडील सोबत आहेत. रात्रीची स्लीपर बस आत्ताच बघून ठेवा, गाडी कन्फर्म झाली की रद्द करा. खालचा बर्थ मागा.