रंग नंतर, आधी बॉयलर

जुनं वाफेचं इंजिन घरी आणलं की सुरुवात कुठून करायची, यावर बहुतेकांचं उत्तर रंग आणि पितळेची झळाळी असंच दिसतंय. मला हे उलटं वाटतं. पोरांना पितळ घासायला जरूर द्या, गोडी तिथूनच लागते. पण मोठ्यांनी आधी बॉयलर बघावा.

बॉयलर दाब सहन करतो का, याची चाचणी गार पाण्यानेच का घेतात? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी थोडं पाणी सांडून भागतं. चालू बॉयलरची गोष्ट वेगळी. १० बार दाबाला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट दाबाला, आतलं पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअसला असतं. पत्रा फाटला की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. स्फोट होतो तो असा.

भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग, म्हणजे बूच, तर विसरूच नका; या छतावर बॉयलरचं पाणी असतं. पाण्याची पातळी छताखाली गेली की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. प्लगवर क्षार साचले असतील तर तो वेळेवर वितळेलच असं नाही.

बाकी, पहिली आग पेटवायच्या दिवशी घाई नको. पत्रे सगळीकडे सारखे तापले नाहीत तर सांधे गळू लागतात. काही तास नुसतं बसून राहावं लागतं, आणि खरं सांगायचं तर घरातल्या सगळ्यांच्या गप्पा तेव्हाच रंगतात.